ॲनोरेक्सिया नर्व्होसामधील झोप, थकवा आणि बोधनक्षमता

ॲनोरेक्सिया नर्व्होसा हा आहारविषयक मनोविकार आहे. अन्न सातत्याने कमी करत जाणे, वजन वाढण्याची तीव्र भीती आणि स्वतःच्या शरीराविषयीची विपर्यस्त कल्पना ही त्याची प्रमुख लक्षणे होत. हा विकार किशोरवयीन मुली व तरुण स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. तथापि मुलगे व पुरुष यांनाही तो होतो. मनोविकारांपैकी सर्वाधिक मृत्युदर असलेल्या विकारांत त्याची गणना होते. या विकारातील दीर्घ उपासमारीचा परिणाम झोप, कार्यशक्ती आणि बोधन (लक्ष, स्मरण, विचार व निर्णय या मानसिक प्रक्रिया) यांवरही होतो. हे परिणाम बाहेरून सहज दिसत नाहीत. रुग्ण पहाटे उठतो, दिवसभर हालचाल करतो आणि पुष्कळदा परीक्षेत चांगले गुणही मिळवतो. त्यामुळे आजाराचे गांभीर्य कुटुंबीय व शिक्षक यांच्या लक्षात उशिरा येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लंडनचे वैद्य विल्यम गल आणि पॅरिसचे वैद्य शार्ल लासेग यांनी १८७३ मध्ये स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले. आजचे नाव गल यांनी दिले. ‘ॲनोरेक्सिया’ या शब्दाचा अर्थ भूक नसणे असा होतो, परंतु तो दिशाभूल करणारा आहे. बहुसंख्य रुग्णांना, निदान आरंभी तरी, भूक लागते आणि ती प्रयत्नपूर्वक दाबली जाते. इतक्या कृश झालेल्या रुग्णांमध्ये एवढी अस्वस्थ हालचाल कशी, याचे आश्चर्य गल यांनी नोंदवले. अन्न कमी झाल्यावर रुग्णाला हलके व अधिक चपळ वाटते, असे लासेग यांचेही निरीक्षण होते.

झोप

अनेक रुग्णांना झोप लागण्यास वेळ लागतो, रात्री वारंवार जाग येते आणि पहाटे फार लवकर झोप उडते. लंडनमधील मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्रिस्प व त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात वजन आणि झोप यांच्या संबंधाचा अभ्यास केला. मेंदूच्या विद्युत आलेखावरून, वजन वाढू लागल्यावर रुग्णांची झोपही सुधारते असे त्यांना आढळले. नंतरच्या अनेक अभ्यासांत गाढ झोपेचे प्रमाण घटलेले दिसले, मात्र सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत.

निद्रानाशाची कारणे एकाहून अधिक आहेत. भूक स्वतःच जागे ठेवते. उपाशी प्राणी अन्नाच्या शोधात अधिक काळ जागा राहतो. जागृती आणि भूक या दोहोंचे नियमन करणारी केंद्रे मेंदूच्या अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) या भागात परस्परांलगत आहेत. शिवाय शरीराचे तापमान घटल्याने थंडी वाजते, कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी वाढते आणि चिंता व खिन्नता यांची भर पडते.

थकवा आणि अतिहालचाल

उपासमारीत शरीर ऊर्जा वाचवू लागते. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब व तापमान उतरते, अवटू ग्रंथीच्या संप्रेरकांपैकी टी-३ चे प्रमाण कमी होते आणि स्नायू झिजतात. रक्तक्षय तसेच पोटॅशियम व फॉस्फेट यांची कमतरता असल्यास अशक्तपणा वाढतो. असे असूनही काही रुग्ण थकवा मान्य करत नाहीत. ते तासन्‌तास चालतात, उभ्याने अभ्यास करतात, जिने चढउतार करतात. यामागे वजन घटवण्याचा हेतू असतो, परंतु तेवढेच कारण नाही. चक्र फिरवण्याची सोय असलेल्या पिंजऱ्यातील उंदरांना दिवसातून थोडाच वेळ अन्न दिले, तर ते अधिकाधिक धावतात आणि मिळणारे अन्नही कमी खातात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. चरबी घटल्याने लेप्टिन या संप्रेरकाची पातळी खालावते. तिचा या अस्वस्थतेशी संबंध असावा, असे मानले जाते. म्हणून रुग्णाचा उत्साह हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण समजू नये. मंद नाडी, चक्कर येणे किंवा शुद्ध हरपणे ही धोक्याची चिन्हे होत.

बोधनक्षमता

रुग्णांचा बुद्धिगुणांक सामान्यतः सरासरी किंवा त्याहून किंचित अधिक असतो. दोष दिसतो तो विचाराच्या लवचिकतेत. नियम बदलल्यावर नव्या नियमानुसार वागणे अनेकांना कठीण जाते. गुंतागुंतीची आकृती उतरवताना ते बारीकसारीक तपशील अचूक टिपतात, पण समग्र रचनेकडे त्यांचे लक्ष कमी जाते. ही वैशिष्ट्ये काही प्रमाणात बऱ्या झालेल्या स्त्रियांत आणि रुग्णांच्या निरोगी बहिणींतही आढळली आहेत. त्यामुळे त्यांचा काही भाग उपजत असावा. याउलट एकाग्रता कमी होणे, विचारांचा वेग मंदावणे आणि अन्नाविषयीचे विचार मनात सतत घोळणे यांचा उपासमारीशी निकटचा संबंध आहे. तीव्र अवस्थेत मेंदूतील करड्या द्रव्याचे आकारमान घटते. वजन पूर्ववत झाल्यावर ते बहुतांशी भरून येते.

मिनेसोटा उपासमार प्रयोग

केवळ उपासमारीने मनावर काय परिणाम होतो, हे समजण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये केलेला प्रयोग महत्त्वाचा ठरतो. युद्धग्रस्त युरोपातील उपाशी जनतेच्या पुनर्पोषणाची पद्धत ठरवणे, हा त्याचा उद्देश होता. तत्त्वनिष्ठेने शस्त्र धरण्यास नकार देणारे ३६ निरोगी तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. २४ आठवड्यांच्या अर्ध-उपासमारीत त्यांचे वजन सुमारे २५ टक्क्यांनी घटवण्यात आले.

हे तरुण थकले, चिडचिडे व एकलकोंडे झाले. काहीजण पाककृतींची पुस्तके वाचू लागले. लक्ष लागत नाही, नीट समजत नाही, अशी त्यांची तक्रार होती. परंतु बुद्धिमापन चाचण्यांत लक्षणीय घट दिसली नाही. म्हणजेच चाचणीतील गुण टिकून असतानाही मनाची ओढाताण चालू असू शकते. वजन कमी करण्याची इच्छा नसलेल्या व्यक्तींतही ही लक्षणे उद्भवली, यावरून ॲनोरेक्सियातील अनेक मानसिक लक्षणे उपासमारीची परिणती असतात, हे स्पष्ट झाले. फरक एवढाच की मिनेसोटातील तरुणांनी हालचाल कमी केली, तर ॲनोरेक्सियाचे अनेक रुग्ण ती वाढवतात. या प्रयोगाचा द्विखंडात्मक वृत्तांत १९५० मध्ये प्रकाशित झाला.

निदानातील अडचणी

हाँगकाँगमधील मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात, लठ्ठपणाची भीती व्यक्त न करणाऱ्या रुग्णांकडे लक्ष वेधले. असे रुग्ण पोट जड वाटते, भूक नाही, अशी कारणे सांगतात. भारतातही अशा रुग्णांचे वर्णन झाले आहे. एकादशी, नवरात्र यांसारखे उपवास हा आजार नव्हे. ते ठरलेल्या वेळी सुटतात. पारण्यानंतरही अन्न टाळणे चालू राहिले आणि वजन घटत गेले, तर वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.

उपचार

पोषण पूर्ववत करणे हा झोप, थकवा व बोधन या तिन्हींवरचा पायाभूत उपचार आहे. मेंदूची उपासमार चालू असताना केवळ समजावून सांगण्याचा उपयोग मर्यादित असतो. तथापि फार कृश रुग्णाला एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घसरून प्राणावर बेतू शकते. म्हणून आहार वैद्यकीय देखरेखीखाली वाढवतात. किशोरवयीनांसाठी कुटुंबाधारित उपचारपद्धती वापरली जाते. विचारांची लवचिकता वाढवण्यासाठी बोधनिक सरावाची पद्धत पूरक म्हणून योजतात. हृदय व श्वसन आधीच दुर्बळ असल्याने झोपेची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेणे धोक्याचे असते.

वजन वाढले तरी मन सावरण्यास अधिक काळ लागतो. आरंभीच्या पुनर्पोषणात, पूर्वी न जाणवलेला थकवा प्रकर्षाने जाणवू शकतो. या काळात विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा भार कमी करणे, खेळाच्या तासातून त्याला सूट देणे आणि केवळ गुणपत्रिकेवरून तो बरा झाल्याचा निष्कर्ष न काढणे हितावह असते.

हे सुद्धा पहा

बुलिमिया नर्व्होसा
निद्रानाश
कुपोषण