उशाशी बसलेला डॉक्टर

अतिदक्षतेचा इतिहास १९५२ च्या कोपनहेगनपासून सांगतात. पोलिओने श्वास थांबलेल्या रोग्यांना तिथे वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, हाताने रबरी पिशवी दाबून, दिवसरात्र श्वास देत होते. यंत्रे मागाहून आली. हे वाचताना मला मात्र आपले महाड आठवते.

१९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू डसलेली धडधाकट माणसे घामाने निथळत, तोंडाला फेस येऊन दगावत. मोठे इस्पितळ मुंबईला. तिथवर रोगी जिवंत पोचायचा कसा? बावस्करांच्या नोंदी १९८२ साली ‘लॅन्सेट’ने छापल्या. पुढे ते सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून थेंबथेंब सोडीत, आणि रक्तदाब पुन्हापुन्हा मोजीत रोग्याच्या उशाशी बसत. अतिदक्षता याहून निराळी ती काय! पण असा बसणारा डॉक्टर गावोगाव कुठून आणायचा? उत्तर प्राझोसिनच्या स्वस्त गोळीत निघाले. शेकडा तीस-चाळीस मरत, तिथे एखादाच जाऊ लागला.

सगळेच दुखणे गोळीत मावत नाही, हेही खरे. २०२१ च्या करोना-लाटेत देशातल्या कित्येक सरकारी इस्पितळांत व्हेंटिलेटर आले होते; चालवणारे कोणी नव्हते, म्हणून ते पडून राहिले.