टॅपेटची फट

वडील गेल्यावर त्यांच्या लोखंडी पेटीत जे कागद सापडले, त्यांत एक पातळ इंग्रजी पुस्तिका होती. 1974 साली घेतलेल्या साडेतीनशे सीसी बुलेटबरोबर मिळालेली, मालकाने गाडी कशी राखावी हे सांगणारी. तिची बहुतेक पाने कोरी करकरीत होती. एकच पान तेलाने पारदर्शक झाले होते आणि त्याच्या कडेला काळ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. ते टॅपेट जुळवण्याचे पान होते.

मी व्यवसायाने शिक्षक, इतिहासाचा. यंत्रांशी माझा संबंध हौशी माणसाचा. पण एखादे पान इतके का वापरले गेले असावे, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. गेली काही वर्षे मी त्या पानाच्या मागे लागलो. एकीकडे बुलेट उघडून आणि दुसरीकडे इंजिनांचा इतिहास वाचून.

आधी पानावर काय आहे ते सांगतो. इंजिनात पेट्रोलमिश्रित हवा आत घ्यायला एक झडप असते आणि जळका धूर बाहेर टाकायला दुसरी. गॅरेजात तिला व्हॉल्व्ह म्हणतात. कॅम फिरतो, तो टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर झडपेला दाबून उघडतो. झडप मिटलेली असताना या साखळीत कुठेतरी जरासे अंतर राहावे लागते. कारण इंजिन तापले की धातू फुगतो, आणि सगळे भाग सारखे फुगत नाहीत. अंतर जास्त झाले तर खडखडाट होतो, झडप उशिरा आणि कमी उघडते. अंतर उरलेच नाही तर झडप पूर्ण मिटत नाही. बहुतेक गाड्यांत ही फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते आणि फिलर गेजच्या पातीने मोजतात.

जुन्या बुलेटचे तंत्र थोडे वेगळे. तिथे पाती लागत नाही. इंजिन तापले की बिडाचे सिलिंडर आणि वरचे हेड उंच होतात, त्या मानाने पुशरॉड कमी वाढतात, म्हणजे फट तापल्यावर वाढते. म्हणून थंड इंजिनात ती जवळजवळ शून्य ठेवायची. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. रात्रभर थंड झालेली गाडी मधल्या स्टँडवर लावायची, स्पार्क प्लग काढायचा, चौथा गिअर टाकून मागचे चाक हाताने फिरवायचे. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की हवा अंगठ्याला ढकलू लागते. पिस्टन वरच्या टोकाला आला की दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. मग सिलिंडरच्या उजव्या अंगाचे छोटे झाकण काढायचे. आत जुळवणीचे नट आणि लॉक नट दिसतात. पाने तीन लागतात आणि हात दोनच असतात, एवढीच काय ती अडचण.

हे मी आज शहाणपणाने सांगतो आहे, पण पहिल्या वेळी पुस्तिका न वाचताच झाकण काढले होते. गाडी चालवून घरी आलो, टिक-टिक फार वाटली, आणि लगेच, तापलेल्या इंजिनातच, फट मिटवून टाकली. आवाज गेला. मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी किक मारली तर ती लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली, दाबच नाही. मी दोष कार्बोरेटरला दिला. आठवडाभर गाडी ढकलून सुरू केली. झडपेची उष्णता ती आपल्या बैठकीवर टेकते तेव्हाच उतरते, आणि माझी धुराची झडप टेकतच नव्हती. ती कडेला जळाली. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे हेड घेऊन गेलो. त्यांनी झडप उजेडात धरली आणि विचारले, "आवाज बंद केलासा व्हय?" मी मान हलवली. "वाजतंय तवर काळजी नाही सर. गप बसलं की बघायचं."

हे वाक्य मला पुढे इतिहास वाचताना पुन्हापुन्हा आठवले. कारण गाड्यांच्या झडपांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी हा आवाज बंद करण्याच्या धडपडीचा इतिहास आहे.

अगदी सुरुवातीला हवा आत घेणाऱ्या झडपेला फटच नव्हती. 1885च्या सुमारास डाइम्लर आणि मायबाख यांनी केलेल्या इंजिनात ती झडप पिस्टनच्या ओढीने आपोआप उघडे, हलक्या स्प्रिंगने मिटे. तिला ढकलायला कोणीच नव्हते, तर अंतर कशाला? पण इंजिन वेगाने फिरू लागले तेव्हा ही आपोआप चाल पुरेना. दोन्ही झडपा कॅमने उघडाव्या लागल्या. ताकद वाढली आणि तिच्याबरोबर दोन्ही झडपांची टिक-टिक आली.

ज्याला ती सहन झाली नाही त्याचे नाव चार्ल्स येल नाइट. हा अमेरिकन गृहस्थ मुळात छापखान्यातला, नियतकालिक काढणारा. झडपांच्या आवाजाला कंटाळून त्याने झडपाच काढून टाकल्या. सिलिंडरमध्ये वरखाली सरकणाऱ्या नळ्या बसवल्या आणि त्यांच्या भोकांतून हवेची ये-जा ठेवली. अमेरिकेत फारसे कोणी ऐकेना, पण 1908च्या सुमारास इंग्लंडच्या डेमलर कंपनीने ते इंजिन उचलले आणि 1930च्या दशकापर्यंत वापरले. इंजिन खरेच शांत होते. मात्र ते तेल पीत असे आणि मागे निळसर धूर सोडी. शांततेची किंमत दुसरीकडे मोजावी लागली.

दुसरा उपाय टिकला. 1930 साली कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरच्या गाडीत झडपांच्या यंत्रणेत तेलाच्या दाबावर चालणारी योजना आली. फट जेवढी होईल तेवढी तेलच भरून काढणार. मालकाने पाना हातात घ्यायचे कारण उरले नाही. त्या गाडीचा मालक तसाही पाना हातात घेणारा नव्हता.

म्हणजे वडिलांची बुलेट घडली त्याच्या 44 वर्षे आधी हा प्रश्न सुटलेला होता. तरी 1974च्या पुस्तिकेत ते पान का?

याचे उत्तर गाडीच्या जन्मकथेत आहे. इंग्लंडातले रेडिच हे गाव सुया बनवण्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या सुयांच्या व्यवसायातून सायकली आणि पुढे मोटरसायकली करणारी रॉयल एन्फिल्ड उभी राहिली. साडेतीनशेची नवी बुलेट 1949 साली बाजारात आली. युद्ध नुकतेच संपले होते. गाडी स्वस्त, साधी आणि घरी दुरुस्त होईल अशी हवी होती. 1955 साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली आणि तेच इंजिन इथे जोडले, मग घडवले जाऊ लागले. रेडिचचा कारखाना 1967 साली बंद झाला. मद्रासचा चालू राहिला, आणि इंजिनही मुळात तेच राहिले. त्यामुळे 1974 साली कोल्हापुरात मिळालेली पुस्तिका खरे तर युद्धोत्तर इंग्लंडातल्या मालकाशी बोलत होती. ती गृहीत धरत होती की तुमच्याकडे चार पाने आहेत, एक रविवार आहे, आणि तुम्हाला हे जमेल.

माझ्या मते त्या पानाचे ऐतिहासिक महत्त्व इथे आहे. गाडीबरोबरची पुस्तिका तांत्रिक दस्तऐवज असते, तसाच तो विश्वासाचाही दस्तऐवज असतो. कारखाना मालकावर कोणते काम सोपवतो आणि कोणते त्याच्यापासून राखून ठेवतो, हे त्यात नोंदलेले असते. वडील पोस्टात कारकून होते. त्यांना इंग्रजी बेताचे येई. तरी एका परक्या कारखान्याने त्यांच्यावर टाकलेला तो विश्वास त्यांनी अंगठ्याच्या ठशाने स्वीकारला होता.

2008 सालापासून बुलेटच्या घराण्यात नवे इंजिन आले आणि दोनतीन वर्षांत बिडाचे जुने इंजिन थांबले. नव्यात तेलावर चालणारे टॅपेट होते. माझ्या भाच्याकडे त्यातली एक गाडी आहे. त्याच्या पुस्तिकेत मी टॅपेटचे पान शोधले. ते नाही, कारण जुळवायला काही नाही. यात कारखान्याने काही हिरावून घेतले, असे मी म्हणणार नाही. भाच्याची झडप माझ्यासारखी जळणार नाही, आणि त्याचे रविवार मोकळे आहेत. पण इंजिनाचा आवाज बदलला तर त्याचा अर्थ काय, हे त्याला कळत नाही. तो मला विचारतो. मला कळते ते एक झडप जाळल्यामुळे.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या सकाळी, गाडीला हात लागण्याआधी, मी टॅपेट पाहतो. यंदा भाचा शेजारी बसला होता. एक पाना मी धरला, दुसराही मी धरला, तिसरा त्याने. पुशरॉड दोन बोटांत फिरवून पाहायला सांगितला. "फिरतोय की," तो म्हणाला. "वरखाली?" "नाही." मग लॉक नट आवळला, झाकण लावले आणि तिन्ही पाने पुसून झेंडूच्या फुलांशेजारी ठेवले. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. टिक-टिक येत होती.