डॉक्टरांची सही आणि दहा हजार तास

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांचा प्रशिक्षित सहायक, हा पेशा डॉक्टरांच्या तुटवड्यातून उभा राहिला. उत्तर कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी 1965 मध्ये त्यासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याआधी त्यांनी अनुभवी परिचारिकांना पुढचे शिक्षण देऊन पाहिले होते, पण परिचर्या शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता दिली नाही. मग स्टेड नौदलातून परतलेल्या वैद्यकीय जवानांकडे वळले. पहिल्या तुकडीत असे चार जण होते. त्यांपैकी तिघे 1967 मध्ये उत्तीर्ण झाले.

हे जवान नवशिके नव्हते. पाणबुडीवर सहसा डॉक्टर नसे. दुखण्याखुपण्याचा सारा भार एका प्रशिक्षित सहायकावर असे. सप्टेंबर 1942 मध्ये ‘सीड्रॅगन’ या अमेरिकी पाणबुडीवर एका खलाशाला ॲपेंडिक्सचा त्रास सुरू झाला, तेव्हा व्हीलर लाइप्स या सहायकाने अधिकाऱ्यांच्या भोजनकक्षात त्याचे ऑपरेशन केले. जखम उघडी धरण्यासाठी जेवणाचे चमचे वाकवून वापरले आणि ईथर चहाच्या गाळणीतून दिले. खलाशी बचावला. इतके निभावून नेणारा माणूस नौदलातून बाहेर पडला की त्याला साधी औषधाची चिठ्ठी लिहिण्याचाही अधिकार उरत नसे. एवढे कौशल्य वाया जावे, ही गोष्ट खरोखर खटकणारी होती.

उत्तर कॅरोलिनातच गार्लंड या छोट्या गावात डॉ. अमोस जॉन्सन यांनी बडी ट्रेडवेल या सहायकाला स्वतःच्या हाताखाली तयार केले होते. डॉक्टर बाहेरगावी असले तरी त्यांचा दवाखाना ट्रेडवेल सांभाळत. म्हणजे पेशाला नाव मिळण्याआधीपासून डॉक्टर दूर आणि सहायक रुग्णापाशी, असा प्रघात होता. कायद्याने मात्र वेगळी वाट धरली. उत्तर कॅरोलिनाने 1971 मध्ये या सहायकांना मान्यता दिली ती डॉक्टरांच्या देखरेखीच्या अटीवर. सहायक जे करील ते डॉक्टरने सोपवलेले काम, असे त्यामागचे सूत्र होते. त्यामुळे वैद्यकीय मंडळांचा विरोध मावळला आणि हीच चौकट राज्याराज्यांत पसरली. सर्वांत शेवटी, 2000 मध्ये, मिसिसिपीने ती स्वीकारली.

चौकट सैल व्हायला सुरुवात झाली ती खेड्यांत. ग्रामीण दवाखान्यांविषयीच्या 1977 च्या संघीय कायद्यामुळे, डॉक्टर प्रत्यक्ष हजर नसतानाही सहायकाने दिलेल्या सेवेचे पैसे सरकारी विम्यातून मिळू लागले. पुढे नर्स प्रॅक्टिशनरांनी, म्हणजे उच्च प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांनी, अनेक राज्यांत स्वतंत्र व्यवसायाचा हक्क मिळवला. त्यांना नोकरीवर घेताना डॉक्टरांशी लेखी करार करण्याची कटकट नसल्याने फिजिशियन असिस्टंट मागे पडू लागले. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 2017 मध्ये ठरावीक डॉक्टरशी करार करण्याची सक्ती काढून टाकण्याचे धोरण स्वीकारले. नॉर्थ डकोटाने 2019 मध्ये ती सक्ती बहुतांशी उठवली.

यूटाने 2021 मध्ये अनुभवालाच माप लावले. पहिले चार हजार तास डॉक्टरांच्या सहकार्याने काम करायचे; त्यानंतर दहा हजार तासांपर्यंत डॉक्टरशी किंवा त्याच शाखेतल्या दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव असलेल्या सहायकाशी करार करायचा; पुढे करार नाही. शाखा बदलली तर नव्या शाखेतील डॉक्टरबरोबर पुन्हा काम करावे लागते. ही शेवटची अट सर्वांत शहाणपणाची आहे, कारण त्वचारोगांच्या दवाखान्यात घालवलेली वर्षे हृदयविकाराच्या रुग्णापुढे फारशी उपयोगी पडत नाहीत.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा अशा कायद्यांना विरोध आहे. डॉक्टरांची चार वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात आणि किमान तीन निवासी प्रशिक्षणात जातात, तर सहायकांचा अभ्यासक्रम सुमारे सव्वादोन वर्षांचा असतो, यावर संघटना बोट ठेवते. हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो नवख्या पदवीधराला जितका लागू पडतो, तितका पंधरा वर्षे एकाच शाखेत काम केलेल्या सहायकाला पडत नाही. बहुतेक राज्यांत अजूनही डॉक्टरांशी या ना त्या स्वरूपाची बांधिलकी कायद्याने आवश्यक आहे.