शब्बाथ (ख्रिस्ती धर्म)

शब्बाथ म्हणजे बायबलमध्ये सांगितलेला, आठवड्यातील विश्रांतीचा पवित्र दिवस. ‘थांबणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूशी या शब्दाचा संबंध आहे. यहुदी लोक शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत तो पाळतात. बहुतेक ख्रिस्ती लोक रविवारी उपासनेसाठी जमतात. मात्र शब्बाथाची आज्ञा त्यांच्यावर आजही बंधनकारक आहे का, याविषयी ख्रिस्ती पंथांत एकमत नाही.

बायबलमधील आधार

ही आज्ञा दहा आज्ञांपैकी असून तिची दोन कारणे आढळतात. निर्गम (२०:८–११) या ग्रंथात देवाने सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतल्याचे कारण दिले आहे. अनुवाद (५:१२–१५) या ग्रंथात मिसर देशातील दास्याची आठवण करून दिली आहे. विसावा घरधन्यापुरता नसून दासदासी, परदेशी रहिवासी व गुरेढोरे यांनाही मिळावा, असे दोन्ही उतारे सांगतात. शब्बाथ दिवशी रोग्यांना बरे केल्यावरून येशूचा परूश्यांशी वाद झाला. हा दिवस माणसाच्या हितासाठी नेमलेला आहे, अशी येशूची भूमिका मार्ककृत शुभवर्तमानात (२:२७) दिसते.

शनिवार व रविवार

येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, या श्रद्धेमुळे आरंभीचे ख्रिस्ती लोक रविवारी एकत्र येऊ लागले व त्या दिवसाला ‘प्रभूचा दिवस’ हे नाव मिळाले. इ.स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने रविवारी नगरांतील न्यायालये व कारागिरांची कामे बंद ठेवण्याचा आदेश दिला. शेतीच्या कामांना त्यातून सूट होती.

कॅथलिक चर्च रविवारच्या मिस्साला उपस्थित राहणे कर्तव्य मानते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ मध्ये या दिवसाच्या महत्त्वाविषयी स्वतंत्र पत्र प्रसृत केले. प्रेस्बिटेरियन परंपरेत रविवार हाच ख्रिस्ती शब्बाथ होय. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ मात्र शनिवारच पाळतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

कोकणातील बेने इस्राएल हे यहुदी लोक तेल गाळण्याचा व्यवसाय करीत. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ॲडव्हेंटिस्ट पंथाचे स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ पुण्यात आहे.

राज्यातील रविवारच्या सुट्टीमागे कामगार चळवळही आहे. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी ही सुट्टी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कारखान्यांतील कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीची तरतूद केली.

आजचा अर्थ

इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या आधारे अनेक ख्रिस्ती अभ्यासक विसाव्याचा अर्थ देवावरील विश्वासाने मिळणारी शांती असा करतात. माणसाचे मोल केवळ त्याच्या कमाईवर ठरत नाही, याची दर आठवड्याला कृतीने दिलेली कबुली म्हणजे शब्बाथ, असेही मांडले जाते. रुग्णसेवेसारखी निकडीची कामे या दिवशीही योग्य मानली जातात. पाळीने काम करणाऱ्यांना रविवारी, तर ॲडव्हेंटिस्ट विद्यार्थ्यांना शनिवारच्या परीक्षेच्या वेळी अडचण येते. दासदासींचा उल्लेख लक्षात घेता, स्वतः विश्रांती घेताना घरकामगार, मजूर व दुकानातील नोकर यांनाही विसावा मिळतो का, हा प्रश्न या आज्ञेतूनच पुढे येतो.