रेइको आणि राधाबाई

* ‘हाय अँड लो’ : अकिरा कुरोसावा यांचा १९६३चा चित्रपट, आधार एड मॅकबेन यांच्या ‘किंग्ज रॅन्सम’ (१९५९) या कादंबरीचा. बूट कंपनीतला बडा अधिकारी गोंडो याच्या मुलाऐवजी चुकून त्याच्या ड्रायव्हरचा मुलगा पळवला जातो. खंडणी देऊन पोराला सोडवा, असा आग्रह गोंडोची बायको रेइको (क्योको कागावा) धरते. तिच्या माहेरचा पैसा नवऱ्याच्या कामी आलेला आहे. तरी तू सुखात वाढलीस, गरिबी तुला काय ठाऊक, असं तो तिला ऐकवतो. माणुसकीचा शब्द तिचा, निर्णय मात्र पुरुषांचा.

त्याहून बोचते ती दुसरी बाई. हेरॉइन किती जहाल आहे हे पाहायला अपहरणकर्ता एका व्यसनी बाईचा जीव घेतो. तिला नावही नाही.

इस्लामपूरच्या वाचकाला इथे वाळवा तालुक्यातलंच वाटेगाव आठवेल. तिथे जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरीही ‘किंग्ज रॅन्सम’प्रमाणे १९५९चीच. तिचा नायक फकिरा इंग्रज सरकारच्या लेखी गुन्हेगार. त्याची आई राधाबाई नवरा राणोजी मारला गेल्यावर घर सावरते, मुलांना वाढवते. कादंबरीला नाव मुलाचं असलं, तरी राधाबाई रेइकोसारखी दिवाणखान्याच्या कडेला उभी राहत नाही.