राजाचा शब्द, अखेरचे ७२ तास

रविवार, ९ मे १६४१. सुमारे ७२ तास उरले.

व्हाइटहॉल राजवाड्याबाहेर चिडलेले लंडनकर जमले आहेत. त्यांना टॉमस वेंटवर्थचं, म्हणजे अर्ल ऑफ स्ट्रॅफर्डचं डोकं हवं आहे. आयर्लंडवर त्याने कठोर हाताने कारभार केला, शत्रूही भरपूर जोडले. पण मार्चपासून चाललेल्या खटल्यात त्याने आपली बाजू इतकी चोख मांडली की राजद्रोह काही सिद्ध होईना. तेव्हा पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाने खटलाच बाजूला सारला आणि त्याला थेट दोषी ठरवणारं विधेयक २०४ विरुद्ध ५९ मतांनी मंजूर केलं. पुराव्याची गरजच उरली नाही! माणूस कितीही नकोसा असो, हा न्याय नव्हे. पुढे लॉर्ड्स या दुसऱ्या सभागृहानेही मान डोलावली.

आता सही इंग्लंडच्या चार्ल्स राजाची. ‘तुझ्या जिवाला, अब्रूला, मालमत्तेला धक्का लागणार नाही,’ असा राजशब्द त्याने २३ एप्रिलला स्ट्रॅफर्डला लिहून दिला होता. ४ मे रोजी स्ट्रॅफर्डनेच पत्र लिहून त्याला या वचनातून मोकळं केलं. बिशप विल्यम्स म्हणाले, राजाची सदसद्विवेकबुद्धी वेगळी आणि माणसाची वेगळी. बिशप जक्सन म्हणाले, मन मानत नसेल तर सही करू नका. राणी आणि मुलांच्या जिवाची धास्ती होतीच. अखेर राजा नमला.

सोमवार, ४८ तास.

विधेयकाला संमती मिळाली. पार्लमेंट त्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय बरखास्त होणार नाही, हा कायदाही राजाने त्याच दिवशी मान्य केला.

मंगळवार, २४ तास.

दहा वर्षांचा युवराज वडिलांचं पत्र घेऊन लॉर्ड्समध्ये गेला. मरणच अटळ असेल तर निदान शनिवारपर्यंत तरी जगू द्या, एवढीच विनवणी त्यात उरली होती. तीही फेटाळली गेली.

बुधवार, १२ मे, सकाळ.

जमाव फाडून खाईल, गाडीतून चला, असं टॉवर या तुरुंगाचा अधिकारी बाल्फोर म्हणाला. स्ट्रॅफर्ड पायीच निघाला. वाटेत कैदेतल्या आर्चबिशप लॉडच्या खिडकीखाली त्याने गुडघे टेकले. आशीर्वादाला हात उचलताच लॉड कोसळला.

टॉवर हिलवर अफाट गर्दी होती. तिच्यासमोर शिरच्छेद झाला.

३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्स स्वतः वधमंचावर उभा राहिला, तेव्हा आपण होऊ दिलेल्या एका अन्याय्य शिक्षेचं हे फळ आहे, असं त्याने कबूल केलं. १६६२ मध्ये पार्लमेंटने स्ट्रॅफर्डविरुद्धचा तो कायदा रद्द केला.