गॅसबत्ती : डोक्यावरून वाहिलेला गॅसचा कारखाना

रॉकेलला मराठीत 'घासलेट' असाही एक शब्द आहे. तो इंग्रजी 'गॅसलाइट'चा अपभ्रंश होय. 'रॉकेल' म्हणजे 'रॉक ऑइल', खडकातून निघालेले तेल. तर घासलेट म्हणजे वायूच्या दिव्याचे तेल. एकाच द्रवाला मिळालेल्या या दोन नावांपैकी दुसरे अधिक बोलके आहे. दिव्याच्या वायूचे कारखाने आणि जमिनीखालचे नळ मुंबईत होते. पेण, रोहा, नागोठणे, अलिबाग या गावांच्या वाट्याला ते कधी आले नाहीत. तेथे वायू आला तो डब्यातून, द्रवरूपाने. त्याचा वायू करण्याचे काम ज्या उपकरणाने केले, ती गॅसबत्ती.

गॅसबत्तीला आपण दिवा म्हणतो; परंतु रचनेच्या दृष्टीने ती कंदिलाची बहीण नव्हे. कंदिलात तेल वातीतून वर चढते आणि वातीच्या टोकाशीच जळते. गॅसबत्तीत वात नसते. तेल आधी तापविले जाते, त्याची वाफ होते, ती वाफ हवेत मिसळते आणि हे मिश्रण जाळून जाळीदार पिशवी तापविली जाते. वायूनिर्मिती, मिश्रण आणि ज्वलन ही गॅस कारखान्यातील तिन्ही कामे वीतभर उंचीच्या जागेत उरकतात. म्हणूनच तिला छोटेखानी गॅस कारखाना म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

द्रव इंधनापासून दिव्याचा वायू करण्याची कल्पना गॅसबत्तीपेक्षा शंभर वर्षांनी जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉन टेलर याने १८१५ मध्ये तेलापासून वायू करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लालबुंद तापलेल्या लोखंडी भांड्यात तेलाची बारीक धार सोडायची. तेलाचे मोठे रेणू उष्णतेने फुटतात, त्यांतून लहान रेणूंचा कायमचा वायू तयार होतो आणि तो थंड केला तरी पुन्हा तेल होत नाही. या वायूत गंधक जवळजवळ नसे. त्यामुळे कोळशाच्या वायूप्रमाणे तो चुन्यातून शुद्ध करावा लागत नसे, आणि तेवढ्याच घनफळात त्याचा उजेडही कितीतरी अधिक पडे. अडचण एकच होती, किमतीची. तेल कोळशापेक्षा महाग होते. लंडनमध्ये एका कंपनीने हा वायू दाबून लोखंडी बाटल्यांत भरून घरोघर विकण्याचा प्रयोग केला. दाबामुळे बाटल्यांच्या तळाशी जो पातळ द्रव साचे, त्याचे पृथक्करण मायकेल फॅरेडेने केले आणि १८२५ मध्ये बेंझिनचा शोध लागला. धंदा बुडाला, रसायनशास्त्राला मात्र एक पायाभूत पदार्थ मिळाला.

आपल्याकडील सुरुवात लवकर झाली होती. माझगावच्या वाडिया घराण्यातील जहाजबांधणीतज्ज्ञ अर्देशीर कर्सेटजी यांनी १८३४ मध्ये आपला बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळविला. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते त्यानंतर तीस वर्षांनी, १८६५ च्या ऑक्टोबरात. हा वायू कोळशाचा होता. कोळशाच्या वायूसाठी भट्ट्या, शुद्धीकरणाच्या टाक्या, वायू साठविण्याच्या प्रचंड घुमटाकार टाक्या आणि मैलोगणती नळ लागतात. तो खर्च दाट वस्तीच्या श्रीमंत शहरालाच परवडे. कोळसा सहज न मिळणाऱ्या ठिकाणी मात्र तेलवायूला वाव होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जयपुरात एरंडेल तेलापासून वायू करण्यात आला. जर्मनीतील युलियस पिंच याने तेलवायू दाबून आगगाडीच्या डब्याखालील टाकीत भरण्याची पद्धत रूढ केली. ती भारतीय रेल्वेतही आली आणि विजेचे दिवे येईपर्यंत टिकली.

या जातीच्या यंत्राशी सुशिक्षित मराठी माणसाची प्रत्यक्ष गाठ पडली ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. बन्सन बर्नरसाठी लागणारा वायू प्रयोगशाळेमागच्या खोलीत रॉकेलपासून तयार केला जाई. तापलेल्या भांड्यात थेंबथेंब रॉकेल पडे, वायू पाण्यातून धुऊन निघे आणि पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी टाकीत जमे. टाकी वर चढली म्हणजे वायू भरला, खाली बसली म्हणजे संपला, इतके ते सोपे मोजमाप होते. सिलिंडरचा गॅस सर्वत्र मिळू लागला तशी ही यंत्रे भंगारात गेली. पेट्रोलवरून हवा फुंकून तयार केलेला 'पेट्रोल गॅस' हा आणखी एक प्रकार. त्यात भट्टीची गरज नसे. मात्र थंडीत नळातच पेट्रोलचे पुन्हा थेंब होत आणि हवेचे प्रमाण चुकले तर स्फोटाची भीती असे.

गॅसबत्तीने यातील एक पायरी गाळली. वायू साठवायचाच नाही, नळातून दूर न्यायचाच नाही. ज्या क्षणी हवा त्या क्षणी आणि लागेल तेवढाच करायचा. मग तेलाचे रेणू पूर्ण फोडण्याचीही गरज उरत नाही. रॉकेल साधारण दीडशे ते तीनशे अंश सेल्सियसच्या दरम्यान उकळते. जळत्या ज्योतीजवळून नेलेल्या पितळी नळीत एवढे तापमान सहज मिळते. आर्थर किटसन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या तत्त्वावर मोठे दिवे तयार केले. मराठी संगीत नाटकांच्या आठवणींत वारंवार भेटणारे 'किटसन लाइट' ते हेच. समुद्रातील दीपगृहांतही हीच रॉकेलच्या वाफेची ज्योत पुढे अनेक दशके वापरात होती.

तरीही नुसत्या वाफेच्या ज्योतीने एवढा उजेड पडला नसता. हवा नीट मिसळलेली ज्योत निळी आणि निस्तेज असते. स्वयंपाकाच्या गॅसची ज्योत पाहिली की हे कळते. उजेड देते ती जाळी, म्हणजे मेंटल. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १८८५ मध्ये तिचे पहिले पेटंट घेतले आणि १८९१ पर्यंत ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण निश्चित केले. क्षारांत भिजविलेली सुती किंवा रेशमी जाळी पहिल्यांदा पेटविली की कापड जळून जाते आणि ऑक्साइडचा नाजूक सांगाडा उरतो. तोच पांढराशुभ्र तळपतो. बोट लागले की त्याची राख होते. या थोरियमसाठी १९०९ नंतर त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळू परदेशी जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर, १९५५ मध्ये तुर्भ्याला म्हणजे ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना निघाला. तेथील थोरियम नायट्रेट देशातील मेंटल उत्पादकांना पुरविले जाई. अणुशक्तीच्या कार्यक्रमाशी निगडित असलेल्या या धातूचा ग्राहक गावोगावचा बत्तीवाला होता, ही गंमत फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

'पेट्रोमॅक्स' हे नाव बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीचे. पेट्रोलियममधील 'पेट्रो' आणि कंपनीचे माक्स ग्रेट्झ यांच्या नावातील 'माक्स' मिळून ते बनले. पुढे कोणत्याही कंपनीच्या बत्तीला तेच नाव पडले. हिचे पेटविणे हा एक विधीच असे. टाकीत तीन चतुर्थांश रॉकेल भरायचे. नळीखालच्या प्याल्यात स्पिरिट ओतून पेटवायचे आणि ते मिनिट-दीड मिनिट जळू द्यायचे. नळी तापायच्या आत घाई केली की वाफेऐवजी कच्चे तेल उडून भडका होई. मग पंप मारायचा. दाबाने रॉकेल तापल्या नळीत चढे, त्याची वाफ निपलच्या सुईच्या टोकाएवढ्या भोकातून वेगाने निघे, जाताना हवा ओढून घेई आणि मेंटलमध्ये पेट घेई. एकदा सुरू झाल्यावर मेंटलचीच उष्णता नळी तापवीत राही. ती सूं-सूं अशी अखंड घरघर म्हणजे या वाफेच्या धारेचा आवाज. नळीत हळूहळू काजळी धरे. कारण थोडे रॉकेल वाफ होण्याऐवजी फुटून त्याचा कोळसा होई. म्हणून निपल साफ करण्याची पिन बत्तीवाल्याच्या खिशात कायम असे. मोठी बत्ती ५०० मेणबत्त्यांइतक्या उजेडाची म्हणून विकली जाई आणि लिटरभर रॉकेलवर साधारण आठ तास चाले. ओगलेवाडीचा प्रसिद्ध प्रभाकर कंदील तेल कितीतरी कमी पीत असे. पण त्याच्या उजेडात शंभर माणसांचे कीर्तन होऊ शकत नव्हते.

पेण आणि रोहा ही दोन्ही खाडीकाठची गावे. पेण तालुक्यातील धरमतरला मुंबईच्या आगबोटी लागत. रोहा-अष्टमीपर्यंत कुंडलिकेतून भरतीच्या पाण्यावर गलबते येत. मुंबईचा माल येण्याची वाट ही अशी पाण्यातून होती. चार गॅलनचा चौकोनी पत्र्याचा डबा हे रॉकेलचे माप. रिकामा झाल्यावरही तो पाणी भरायला, धान्य ठेवायला, छपराला ठिगळ लावायला उपयोगी पडे. कारखाना नको, नळ नको, फक्त डबा आणि बत्ती हवी, हे गणित अशा गावांना नेमके जुळणारे होते.

तिची गरज कोठे होती, तेही या गावांच्या जीवनक्रमातच दिसते. पेणच्या गणपती कारखान्यांतील कामाची धांदल येते ती आषाढ-श्रावणात, जेव्हा दिवसाही आभाळ भरलेले असते. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी आणि रंगांची पारख कंदिलाच्या पिवळ्या उजेडात होणे कठीणच. रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते आणि रात्र उलटेपर्यंत घरोघर फिरते. पालख्यांपुढच्या दिवट्या आणि हिलाल यांची जागा जिल्ह्यात सर्वत्र गॅसबत्त्यांनी घेतली. बाल्या नाच, भजनाचे सप्ते, लग्नाच्या वराती, निवडणुकीच्या सभा, एवढेच काय, पहिल्या पावसात शेतांत चढणारे वलगणीचे मासे पकडायलाही बत्तीच लागे.

आता या कथेतील विसंगती. ज्या जिल्ह्यात ही बत्ती इतकी टिकली, तो तेव्हाचा कुलाबा जिल्हा (१९८१ पासून रायगड) म्हणजे पश्चिम भारतातील जलविद्युतीचे माहेरघर. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये. भिऱ्याला वीज निर्माण करून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते आणि कोलाडवरून रोह्याला जाते. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या धरणाला विरोध केला, त्याच धरणाचे हे पाणी. वीज गेली ती मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना. पाणी मिळाले रोह्याला. खेडोपाडी वीज पोचविण्याचे काम जोमाने सुरू झाले ते १९६० नंतर, राज्य विद्युत मंडळाच्या काळात. आदिवासी वाड्यांना त्यानंतरही बरीच वाट पाहावी लागली. गॅसबत्तीला 'जुन्या काळाची शोभा' म्हणून आठवताना हा हिशेब विसरला जातो. ती हौसेने टिकलेली नव्हती.

दुसरा हिशेब बत्ती वाहणाऱ्यांचा. रॉकेलने भरलेली बत्ती तीन-चार किलोंची, वरचा पत्रा चटका देणारा, काच तडकण्याची धास्ती कायमची. वरातीत ती डोक्यावर चुंबळ ठेवून तासन्‌तास वाहायची, वाजंत्री थांबली की थांबायचे, उजेड नवरदेवावर पडेल असे उभे राहायचे. भाड्याने बत्त्या देणाऱ्याकडे हे काम करायला येत ती हातावर पोट असलेली माणसे; त्यांत बायका बऱ्याच. त्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत आणि छायाचित्रांत चेहरे उजेडाच्या मागे, अंधारात आहेत. पुढे जनरेटरची हातगाडी आली, बत्तीच्या जागी वायरने एकमेकांना जोडलेले विजेचे दिवे आले; डोके मात्र तेच राहिले.

गेल्या दशकात शिधापत्रिकेवरील निळ्या रॉकेलचा कोटा सतत कमी होत गेला आणि बत्तीचे इंधनच दुर्मीळ झाले. त्याच सुमारास चार्जिंगचे एलईडी दिवे स्वस्त झाले. १९९० च्या दशकापासून परदेशांत थोरियमऐवजी इट्रियमचे मेंटल वापरात आले; कारण थोरियम सौम्य किरणोत्सारी आहे. बत्ती लावून बसण्याने धोका नगण्य असला, तरी फुटलेल्या मेंटलची राख श्वासावाटे जाऊ देऊ नये, हे खरे.

पेण-रोह्याच्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून कित्येक बत्त्या पडून असतील. गावी गेल्यावर एखादी पेटवून पाहण्याची हौस वाटलीच, तर पंपाचा चामडी वॉशर आधी बदलावा. तो वाळला की दाब धरत नाही. टाकीला गळती आहे का ते पाण्यात बुडवून, पंप मारून पाहावे. रॉकेल मिळत नाही म्हणून त्यात पेट्रोल कदापि घालू नये. असे केल्याने बत्त्या फुटून माणसे भाजल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पेटवायची ती अंगणात, बंद खोलीत नव्हे. कारण अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. आणि विझवायची ती फुंकून नव्हे, तर टाकीवरचा हवेचा स्क्रू सैल करून. दाब उतरला की वाफ थांबते आणि मेंटल आपोआप लाल होत काळवंडतो.